ढकलायची सायकल

मला सायकलच्या शर्यतीसाठी जिने तयार केलं, ती बाई स्वतः आयुष्यात कधी सायकलीवर बसली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी जी शोभा झाली तिचा दोष वाचणाऱ्याला सोयीस्करपणे तिच्यावर टाकता येईल. मीही बरेच दिवस तेच केलं.

ती माझी घरमालकीण. जोयडा तालुक्यात कुंभारवाड्याच्या मराठी शाळेत माझी नेमणूक झाली, तेव्हा मी खानापूरहून एक ट्रंक, एक गादी आणि बदलीच्या अर्जाचा कोरा कागद घेऊन आले होते. गावात मास्तरणीला राहण्याजोगी एकच जागा होती, तिच्या घराची पडवी. सारं गाव तिला अक्का म्हणायचं. पहिल्या दिवशी मी तिला "अहो अक्का" म्हटलं, तर माझ्या मागे कोण उभं आहे ते बघायला ती वाकली. "मला म्हन्तीस व्हय?" ती म्हणाली. "मी काय साहेब हाय काय?" तेव्हापासून आमचं अगं-तुगं सुरू झालं.

साठी कधीच उलटलेली, वाळलेल्या शेंगेसारखी काटक बाई. घरात माणूस दुसरं कुणी नव्हतं. होती ती सायकल. काळी, उंच, मधल्या दांड्याची पुरुषी सायकल, तिच्या नवऱ्याची. तो असताना तो सायकलीवर बसून पुढे जायचा आणि ही डोक्यावर ओझं घेऊन मागून चालायची. तो गेल्यावर सायकल हिच्या हातात आली, आणि हिने डोक्यावरचं ओझं सायकलीवर चढवलं. कॅरिअरवर एक पोतं, दांड्याला एक पोतं. मुडली नावाचा आमच्याकडचा कंद, नाहीतर फणस, नाहीतर भात. असं लादून ती खिंड ओलांडून जोयड्याच्या बाजाराला सायकल ढकलत न्यायची, आणि मीठ-मिरची घेऊन ढकलत परत आणायची. उतारावरसुद्धा ढकलतच. तीस वर्षं तिने हे केलं होतं.

"अक्का, येताना रिकामीच असते की सायकल. बसून का येत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"सायकल वजं न्यायला आसती," ती म्हणाली. "मी काय वजं हाय?"

घरात सायकलीचा मान माझ्याहून मोठा होता. माझी ट्रंक पडवीत ओलीला पडलेली असायची आणि सायकल आत चुलीच्या उबेला. बाहेरून आलं की आपण पायांवर पाणी घेतो, तसं ती सायकलीच्या दोन्ही चाकांवर तांब्याने पाणी ओतायची आणि मगच तिला उंबऱ्यातून आत घ्यायची. मी एकदा घाईत तशीच आत गेले तर म्हणाली, "बघ, हिला कळतंय, तुला न्हाई."

रस्त्याची तिला वेगळीच ओळख होती. किलोमीटर तिच्या गावी नव्हते. ती चढ पोत्यात मोजायची; जोयड्याच्या अंगाचेही, कारण पेरणीच्या दिवसांत खताची पोती ती तिकडून चढवून आणायची. तिकडच्या पुलापासूनचा चढ एका पोत्याचा, त्याच्यावरचा दोन पोत्यांचा, आणि खिंडीखालचा शेवटचा, "तितं पोतं काढून ठिवून आदी सायकल न्यायची, मग परत येऊन पोतं." वळणांना तिने नावं दिली होती. एकदा पोतं फाटून फणस दरीत घरंगळला ते फणसाचं वळण. नवऱ्याशी कडाक्याचं वाजलं ते भांडणाचं वळण. प्रत्येक वळणाआधी ती घंटी वाजवायची, पलीकडे गवा उभा असला तर त्याला कळावं म्हणून. नुसती घंटी नाही, वर "आमी हाय रे, आमी" असंही सांगायची.

आणि खिंडीत डहाळी. खिंडीच्या तोंडाशी, रस्त्याच्या डाव्या अंगाला, एका मोठ्या धोंड्यावर हिरव्या डहाळ्यांचा ढीग असतो. खिंड ओलांडणाऱ्या प्रत्येकाने थांबायचं, जवळच्या झाडाची एक ओली डहाळी मोडायची, त्यावर ठेवायची आणि पुढे जायचं. हे कधीपासून, ते कुणी सांगत नाही. एसटीसुद्धा तिथे मंदावते आणि कंडक्टर खिडकीतून साऱ्या बसची मिळून एक डहाळी टाकतो. मी शिकलेली बाई. पहिल्या महिन्यात हसले, दुसऱ्या महिन्यात ठेवू लागले, आणि तिसऱ्या महिन्यात न ठेवता पुढे गेले तर दिवसभर चुटपुट लागू लागली.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

सुगी आटोपल्यावर तालुक्यात बायकांची सायकल शर्यत ठरली. शहरातल्या कुणा हौशी मंडळींनी ठरवलेली. जोयड्यापासून खिंड चढायची आणि पलीकडे कुंभारवाड्यात उतरायचं. स्थानिक बायकाही हव्यात, असं त्यांचं म्हणणं आलं. हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, "कुणाला सायकल येते?" आणि मी, का कोण जाणे, म्हणाले, "मला कॉलेजात सायकलिंगचं पहिलं बक्षीस होतं."

हे खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं. बक्षीस होतं ते मंद सायकलिंगचं. ज्यात पाय न टेकता जो सगळ्यांत मागून पोचतो तो जिंकतो. पन्नास पावलांचं मैदान मी इतक्या सावकाश पार केलं होतं की पंच मध्ये चहा पिऊन आले. पण हे सांगायच्या आत हेडमास्तरांनी माझं नाव लिहून घेतलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत गावात बोलबाला झाला होता की आमच्या बाई सायकलिंगच्या चॅम्पियन आहेत.

घरी येऊन मी अक्कासमोर रडले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे सगळ्यांच्या मागनं आलीस, म्हनून बक्षीस दिलं?"

"हो."

"पाय न टेकता?"

"हो गं."

"मग झालं की. चडाला तेच लागतंय. जोरात जाऊन कुनाला चड चडता येतोय काय?" आणि ती उठून सायकल पुसायला लागली. मला तोवर कल्पनाच नव्हती की ती मला तिची सायकल देणार आहे.

दुसऱ्या दिवसापासून शिक्षण सुरू झालं. पहिली अडचण म्हणजे मला त्या सायकलीवर चढताच येईना. ती इतकी उंच, की शाळेच्या पायरीला किंवा पुलाच्या कठड्याला लावल्याशिवाय माझा पाय दांड्यापलीकडे जायचा नाही. एकदा बसले की बसले, पण वाटेत उतरले तर पुन्हा पायरी शोधायची. चढावर तर अशक्यच. म्हणून "उतरायचंच न्हाई" हा पहिला नियम झाला. दुसरा नियम पोत्याचा. अक्काने कॅरिअरवर मुडलीचं अर्धं पोतं बांधलं. "रिकामी सायकल उड्या मारती," ती म्हणाली. "वजं आसलं की शानी ऱ्हाती." रोज खिंडीपर्यंत सायकल ढकलत न्यायची, धोंड्यावर डहाळी ठेवायची, पलीकडे पुलापर्यंत उतरायचं आणि तिथून चढून यायचं. मी धापा टाकत पुढे, आणि ती हातात काठी घेऊन शेजारून चालत. शेजारून चालत, हे लक्षात घ्या. सायकलवरची मी आणि पायी चालणारी साठीपलीकडची ती, यांच्या वेगात काहीही फरक नव्हता. कधी कधी ती पुढे जाऊन माझी वाट बघत वळणावर बसायची.

पहिल्याच आठवड्यात माझ्या अंगाचा असा एकही सांधा उरला नाही ज्याची मला नव्याने ओळख झाली नाही. वर्गात मी खुर्चीवर बसणं सोडून दिलं आणि उभ्याने शिकवू लागले. मुलांना वाटलं, बाई फार कडक झाल्या.

दीड महिना हे चाललं. हळूहळू मी एका पोत्याचा चढ चढू लागले, मग दोन पोत्यांचा. आणि एक दिवस, खिंडीखालच्या शेवटच्या चढापर्यंत पोचून कोसळले तेव्हा, रस्त्यावर उताणी पडल्या पडल्या मी तिला म्हणाले, "अक्का, शर्यतीत मी खिंड ओलांडली ना, तर पलीकडे उतारावर तुला कॅरिअरवर बसवून गावात नेणार."

तिने काठीने रस्त्यावरचं पान बाजूला केलं आणि चालू लागली. तिने मनावर घेतलं नाही असं मला वाटलं. तीन दिवसांनी, भात वाढता वाढता, मध्येच ती म्हणाली, "व्हय."

"काय व्हय?"

"बसते म्हन्ते. पन तू खिंड वलांडलीस तरच. आदी न्हाई."

तिच्या हातातला भात ताटाबाहेर पडला. तांदळाचा एक दाणा वाया घालवणारी ती बाई नव्हे. त्या दिवशी मला कळलं की आता ही शर्यत माझी राहिली नाही. मला बक्षीस वगैरे मिळणार नव्हतंच. नियम एवढाच होता की दहाच्या ठोक्याला खिंडीत शिट्टी वाजेल. तोवर जी चुन्याची रेघ ओलांडेल ती पुढे जाईल, मागे राहील तिला टेम्पोत घालून गावात आणतील. मला ती रेघ हवी होती.

शर्यतीच्या सकाळी जोयड्यात मी जे रूप घेऊन उभी राहिले, ते आठवलं की आजही पांघरुणात तोंड घालावंसं वाटतं. बेळगाव, धारवाड, हुबळीच्या पोरी आल्या होत्या. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, दोन बोटांनी उचलाव्यात अशा सायकली. मी सलवार-कमीजवर, पायात शाळेचे बूट. हेल्मेट सक्तीचं होतं, आणि गावात एकच हेल्मेट होतं, हेडमास्तरांच्या मोटरसायकलचं. हनुवटीपर्यंत झाकणारं, पुढे काच असलेलं. ते घातलं की मला माझ्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नसे. एक पोरगी माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलली. मी काच वर केली. ती विचारत होती, "तुम्ही रस्ता अडवायला उभ्या आहात का?"

पोतं नसल्याने सायकल खरंच उड्या मारत होती. पहिल्याच चढाला सगळ्या पोरी दिसेनाशा झाल्या. पुलाचा चढ गेला. दोन पोत्यांचा गेला. भांडणाच्या वळणावर मी घंटी वाजवली आणि हेल्मेटच्या आत "आमी हाय रे, आमी" असंही म्हणाले. मागे टेम्पो घुरघुरत येत होता, त्याचा बंपर माझ्या मडगार्डाला हात लावेल इतका जवळ. त्यातला माणूस मान बाहेर काढून अधूनमधून मला आत बसण्याचं प्रेमळ आमंत्रण देत होता. शेवटच्या चढाला मी लागले आणि खिशातला फोन थरथरू लागला. पुलापासून वरच्या चढात रेंज नाही, खिंड जवळ आली की सगळे निरोप एकदम येतात. म्हणजे खिंड आली! घड्याळात दहाला दोन मिनिटं होती. मी पोचणार होते.

वर रेघेपलीकडे अक्का उभी होती. जत्रेला नेसायचं लुगडं नेसून. आणि तिच्या बगलेत नीट घडी केलेली वाकळ होती. कॅरिअरवर घालायला. ती दोन्ही हात हलवून मला ओरडून काहीतरी सांगत होती. मला कळलं, डहाळी विसरू नको म्हणते आहे.

आणि मी उतरले.

डोकं म्हणून काही माझ्याजवळ त्या क्षणी नव्हतं. दीड महिना रोज त्या धोंड्यापाशी उतरायचं, डहाळी मोडायची, ठेवायची. पाय आपोआप खाली आले. मी सायकल धोंड्याला टेकवली, झाडाखाली गेले, डहाळी ओढली. ती चिवट निघाली. पीळ देऊन मोडली आणि ढिगावर ठेवली. तेव्हा मला दिसलं की ढीग त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट उंच होता, आणि सगळ्या डहाळ्या ताज्या.

मी सायकलीवर बसायला गेले. चढ. पायरी नाही. एक टांग टाकली, सायकल मागे आली आणि मी गटारात बसले. दुसऱ्यांदा तेच. रेघ वीस पावलांवर होती. मग मला जे एकच खात्रीने येत होतं ते मी केलं. दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि अक्कासारखी सायकल ढकलत पळत सुटले. रेघेला दोन पावलं उरली होती तेव्हा शिट्टी वाजली.

शिट्टी वाजवायला नेमलेले आमच्या शाळेचे पी.टी.चे सर शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी हेल्मेट काढलं. माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. "जाऊ द्या बाई," ते म्हणाले. "दोन पावलांचं काय एवढं? पोचल्या असं लिहितो." टेम्पोवालाही म्हणाला, "लिहा, लिहा." मी अक्काकडे पाहिलं. तिने वाकळ बगलेत घट्ट धरली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "शिट्टी आदी वाजली."

"अक्का, दोनच पावलं—"

"खिंडीत उबं ऱ्हाऊन खोटं बोलायचं न्हाई. न्हाई पोचली ती." मग माझ्याकडे वळली. "आनि तू कशाला उतरलीस गे? तुजी डहाळी मी सकाळीच ठिवली हाय! सगळ्यांची ठिवली. ह्या पोरींनी थांबू नये म्हनून पाटेपासनं मोडालेय मी डहाळ्या. वरडून वरडून सांगालेय, ठिवलंय, ठिवलंय! ऐकू येत न्हाई काय?"

"एक टाकली असतीस सगळ्यांची मिळून, कंडक्टरसारखी," मी रडत म्हणाले.

"ह्या काय एका बशीतनं आल्यात?" ती म्हणाली.

टेम्पोत मी बसले. ती बसली नाही. मागच्या काचेतून मला दिसत होतं: जत्रेचं लुगडं, हँडलवर दोन हात, आणि कॅरिअरवर नुसतीच ठेवलेली वाकळ. ती सायकल ढकलत उतार उतरत होती. माझं हसं झालं त्याचं मला काही वाटलं नाही, त्याची मला सवय आहे. पण ती रिकामी वाकळ बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

चार दिवस त्या विषयावर ती बोलली नाही. चिडली नव्हती, जेवायला वाढत होती, मुडली उकडून मिठाबरोबर देत होती. वाकळ परत तिच्या जागी गेली होती. शनिवारी मी म्हणाले, "अक्का, उद्या परत जाते."

"कुटं?"

"खिंडीत. पलीकडे पुलापर्यंत उतरते आणि चढून येते."

तिने बराच वेळ चुलीत लाकूड सारलं. "पोतं बांदू, का रिकामी?"

"रिकामी," मी म्हणाले. "परत येताना वजं आहे."

मला वाटलं, आता म्हणेल, मी काय वजं हाय? पण सकाळी निघालो तेव्हा वाकळ तिच्या बगलेत होती.

खिंडीपर्यंत आम्ही दोघी सायकल ढकलत गेलो. ती तिथे बसली. चुन्याची रेघ पुसट उरली होती. "आज शिट्टी न्हाई," ती म्हणाली. "घड्याळ न्हाई. पाय तेवडा टेकू नको." मी पुलापर्यंत उतरले, कठड्याला सायकल लावून वर चढले आणि निघाले. त्या दिवशीइतकी सावकाश सायकल मी कॉलेजातही चालवली नसेन. शेवटच्या चढाला तर एक सरडा माझ्या बरोबरीने चालत आला आणि कंटाळून झाडावर गेला. सायकल जागेवर उभी राहायची, थरथरायची, मग एक वीत पुढे जायची. पण पाय टेकला नाही. जगात मला एवढी एकच गोष्ट येते, आणि ती त्या रविवारी उपयोगाला आली. धोंडा आला. पाय उतरू उतरू झाले.

"ठिवली हाय तुजी!" अक्का ओरडली. "आलीस तशी ये!"

रेघ ओलांडून मी पुढे सपाटीवर एका दगडाला पाय लावून थांबले. तिने रेघेकडे पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं, आणि मान हलवली. मग कॅरिअरवर वाकळ घातली, चारी बाजूंनी सारखी केली, आणि पोतं चढवताना करायची तसंच कॅरिअर एकदा हलवून बघितलं. मग ती बसली. एका बाजूला दोन्ही पाय घेऊन, माझ्या कमीजचा मुठीत चुरगळा करून. तिचं वजन मुडलीच्या अर्ध्या पोत्याहून फार नव्हतं.

उतारभर मी दोन्ही ब्रेक आवळून धरले होते. माझ्या कमीजवरची तिची मूठ सैल होईना. घाबरली असणार, मला वाटलं. वळणाआधी मी घंटी वाजवली, पण मागून "आमी हाय रे" आलं नाही, म्हणून गव्यांना मीच सांगितलं. फणसाच्या वळणावर तिने माझ्या पाठीवर चापट मारली.

"सोड की गे ते ब्रेक!"

मी सोडले. वारा कानात भरला, लुगड्याचा पदर फडफडायला लागला, आणि मागे ती कुंभारवाड्यापर्यंत, भाताची खाचरं लागेपर्यंत, मोठमोठ्याने हसत होती.

दारात सायकल थांबली तरी ती उतरेना. मी हँडल धरून उभी. मला वाटलं, पाय अवघडले, म्हणून हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. कॅरिअरवर हात फिरवत बसल्या बसल्या ती म्हणाली:

"तीस वर्सं पोत्यांनीच मज्जा मारली की गे."